स्वतःवर कर बसवून लढलेलं राज्य

१८६० च्या खानेसुमारीत अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्याची लोकसंख्या भरली ३,१५,०९८. पुढच्या वर्षी अमेरिकेत उत्तरेची राज्यं आणि गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी पेटली, आणि ती विझेपर्यंतच्या चार वर्षांत या राज्याच्या खात्यावर चौतीस हजारांच्या आसपास सैनिक लागले. त्यांतले ५,२२४ परतले नाहीत. बायका, पोरं, म्हातारे सगळे धरले तरी दर नऊ माणसांमागे एक जण गणवेशात गेला. व्हरमाँटबद्दल लिहिणारा प्रत्येक जण या आकड्यांपासून सुरुवात करतो. आकडे आहेतच तसे. पण त्यांच्यावरून पुढे जे सिद्ध केलं जातं ते मला पटत नाही.

सांगितलं जातं ते असं: हे राज्य जन्मापासून गुलामगिरीच्या विरोधात होतं, म्हणून वेळ येताच त्याने सर्वांत जास्त रक्त दिलं. यातल्या ‘सर्वांत जास्त’वर मेन, मिशिगनसारखी दुसरी राज्यंही हक्क सांगतात आणि प्रत्येकाकडे आपापला भागाकार तयार असतो. त्या वादात पडण्यात अर्थ नाही. चौतीस हजारांत दुसऱ्यांदा भरती झालेल्यांची नावं दोनदा मोजलेली आहेत, सीमेपलीकडच्या कॅनडातून पैशासाठी आलेलेही आहेत. शिवाय न्यूयॉर्कने चार लाखांहून जास्त माणसं दिली. युद्ध जिंकलं ते त्या गर्दीच्या आणि उत्तरेच्या कारखान्यांच्या जोरावर, हे कोणीही निवृत्त हवालदार सांगेल. व्हरमाँट नसतं तर उत्तर हरली असती, असं म्हणायची माझी तयारी नाही.

तरीही या चिमुकल्या राज्याकडे नीट पाहायला हवं, पण ते मृतांच्या आकड्यासाठी नाही. इथल्या माणसांनी हे युद्ध गावोगावच्या सभेत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत, दरवर्षी पुन्हा मंजूर केलं आणि त्यासाठी स्वतःवर कर बसवून घेतला. व्हरमाँटचं खरं कर्तृत्व मला तिथे दिसतं, आणि त्याचा दोषही.

आधी त्या जन्मजात पुण्याईचं पाहू. १७७७ साली विंडसर गावात जमलेल्या प्रतिनिधींनी जे संविधान लिहिलं, त्यात प्रौढांची गुलामगिरी नाकारलेली आहे. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं संविधान. त्या वेळी व्हरमाँट संघराज्यात नव्हतंही. ते चौदावं राज्य म्हणून आत आलं १७९१ मध्ये. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. फक्त कलम वाचताना ‘प्रौढांची’ या शब्दावर थांबायला हवं. पुरुष एकवीस वर्षांचा आणि बाई अठराची झाल्यावर त्यांना कोणाचे गुलाम म्हणून ठेवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याआधीच्या वयाचं काय, याबद्दल कलम गप्प आहे. ही फट कागदावरून पुरती बुजली ती २०२२ च्या नोव्हेंबरात, मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केल्यावर.

१८५० मध्ये पळालेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कायदा केंद्राने केला. त्यावर व्हरमाँटच्या विधिमंडळाने त्याच वर्षी उलटा कायदा केला: पकडल्या गेलेल्या माणसाच्या बचावाला उभं राहणं सरकारी वकिलांवर बंधनकारक. दक्षिणेत याचा इतका संताप झाला की व्हरमाँटभोवती चर खणून ते अख्खं राज्य अटलांटिक महासागरात सोडून द्यावं, असा ठराव जॉर्जियाच्या विधिमंडळात चर्चेला आला होता म्हणतात. १८६० च्या निवडणुकीत लिंकनना इथे शंभरातली पंच्याहत्तर मतं पडली. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले स्टीफन डग्लस खुद्द व्हरमाँटमधल्या ब्रँडनचे, पण त्यांना गावकीचा काही उपयोग झाला नाही. जन्माला येण्यासाठी हे राज्य छान, फक्त लहानपणीच इथून निघून जायला हवं, असं डग्लस गमतीत म्हणाले होते. ही गंमत पुढे फार खरी ठरली, तिकडे येतोच.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट राहते. १८६० मध्ये अख्ख्या राज्यात काळी माणसं होती सातशेच्या घरात. कापसाचं एक झाड नाही, ऊस नाही. डोंगर, मेंढ्या, दूध, संगमरवर. गुलामगिरीचा निषेध करून व्हरमाँटच्या शेतकऱ्याचं एका पैशाचं नुकसान होत नव्हतं. फुकटचा नैतिकपणा खोटाच असतो असं मी म्हणत नाही, पण त्याची परीक्षा झालेली नसते. ती १८६१ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली.

तेव्हा राज्यपाल होते एरॅस्टस फेअरबँक्स. सेंट जॉन्सबरीला त्यांच्या घराण्याचा वजनकाट्यांचा कारखाना होता आणि त्या काट्यांचं नाव जगभर झालेलं होतं. या काटेवाल्या राज्यपालांनी युद्धाची पहिली ठिणगी पडली तो फोर्ट समटर हा किल्ला दक्षिणेच्या हाती पडताच विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि विधिमंडळाने युद्धासाठी दहा लाख डॉलर मंजूर केले. तीन लाख वस्तीच्या, डोंगराळ, काटकसरी म्हणून नावाजलेल्या राज्यात दरडोई तीन डॉलर! साध्या शिपायाला त्या सुमारास केंद्राकडून महिन्याला अकरा डॉलर मिळत. त्यावर व्हरमाँटने आपल्या शिपायाला राज्याच्या तिजोरीतून दरमहा सात डॉलर जादा द्यायचं ठरवलं.

पण राज्याची तिजोरी ही लांबची गोष्ट. खरा कारभार गावात होता. व्हरमाँटमध्ये दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग भरते. आपल्या ग्रामसभेसारखीच, फरक इतकाच की कोरमअभावी तहकूब होण्याची तिला सवय नाही आणि कर बसवण्याचा खराखुरा अधिकार तिच्या हातात असतो. रस्ता कुठे दुरुस्त करायचा, शाळेला किती द्यायचे, गावातल्या निराधारांचं काय करायचं, हे तिथे ठरतं. युद्धाच्या वर्षांत या सभांपुढे नवं कलम आलं. वॉशिंग्टनहून मागणी यायची, ती राज्यांत आणि मग गावांत वाटली जायची: तुमच्या गावाने इतकी माणसं द्यायची. माणसं आपणहून मिळेनाशी झाली की प्रत्येक भरती होणाऱ्याला गावाकडून बक्षिसी द्यायची. किती? शंभर डॉलर? दोनशे? तीनशे? ती रक्कम गावातल्या प्रत्येक करपात्र मालमत्तेवर, घरांवर, जमिनींवर, गाईगुरांवर चढायची. मार्चपर्यंत थांबायलाही सवड नसायची. खास सभा बोलावल्या जायच्या.

युद्ध संपेपर्यंत व्हरमाँटचा खर्च नव्वद लाख डॉलरांवर गेला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक गावांनी आपल्या खिशातून केला. तो कधी परत मिळाला नाही. मला या युद्धातल्या कोणत्याही घोडदौडीपेक्षा ही गोष्ट थक्क करणारी वाटते. १८६१ च्या उत्साहात हात वर करणं सोपं होतं. १८६४ मध्ये, दोन गल्ल्यांपलीकडच्या घरात मुलगा गेल्याची बातमी येऊन आठवडा झालेला असताना, त्याच मुलाच्या बापाशेजारी बसून आणखी कर आणि आणखी माणसं मंजूर करणं याला वेगळं काळीज लागतं. त्यांनी ते केलं, आणि पुन्हा केलं. १८६४ च्या निवडणुकीत तहाची भाषा करणारा पक्ष समोर असताना व्हरमाँटने लिंकनना पुन्हा तीन चतुर्थांश मतं दिली.

या ठिकाणी लोकशाहीबद्दलची एक लाडकी समजूत अडखळते. निर्णय जितका खालच्या पातळीवर, जितका माणसांच्या जवळ घ्यावा तितकी माणसं रक्तपाताला कचरतील, असं आपण धरून चालतो. राजधानीत बसलेले लोक दुसऱ्याची पोरं मरायला पाठवतात, गावाने ठरवायचं असतं तर युद्धंच झाली नसती, हे वाक्य आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या व्याख्यानांत ऐकू येतं. व्हरमाँटचा अनुभव उलट सांगतो. कारण पटलेलं असेल तर गाव राजधानीपेक्षा जास्त चिवटपणे लढतं. राजधानीला निवडणूक हरण्याची भीती असते. गावाला त्याहून मोठी भीती असते: आधी गेलेल्याचं मरण वाया गेलं, असं त्याच्या आईला सांगण्याची. एकदा पहिला मृत्यू झाला की दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड होत जातं. जवळीक युद्ध रोखत नाही. ती युद्ध झेपण्याची ताकद वाढवते. हे चांगलं की वाईट, ते युद्ध कशासाठी आहे त्यावर ठरेल.

जवळीक म्हणजे नेमकं काय होतं, हे सैन्याच्या रचनेतच दिसतं. रेजिमेंट राज्याची आणि कंपनी आसपासच्या गावांची. एकाच शाळेत शिकलेले, एकाच चर्चमध्ये बसणारे, एकमेकांच्या बहिणींशी लग्नं ठरलेले तरुण एका रांगेत उभे असत. २९ जून १८६२ रोजी व्हर्जिनियात सॅव्हेजेस स्टेशनला पाचव्या व्हरमाँट रेजिमेंटने चारशेच्या वर माणसं पुढे नेली. अर्ध्या तासाच्या आत दोनशेहून जास्त पडली. तिच्या एका कंपनीत मँचेस्टरकडचे कमिंग्ज नावाचे पाच सख्खे भाऊ, एक चुलतभाऊ आणि एक मेहुणा असे सात जण होते. सातही जणांना गोळ्या लागल्या, जगला एक. एका घरावर एका संध्याकाळी असं कोसळावं ही या भरतीच्या पद्धतीची थेट देणगी. शेजारी शेजाऱ्यासमोर पळत नाही, म्हणून ही पद्धत लढाईत उत्तम चालते. आणि त्याच कारणाने गाव एका दमात रिकामं होतं.

मग १८६४ चा मे महिना आणि व्हर्जिनियातली विल्डरनेसची लढाई. नावाप्रमाणेच ते रान होतं: जुनी झाडं लोखंडाच्या भट्ट्यांसाठी तोडून झाल्यावर माजलेली खुरटी, गच्च, दहा पावलांवरचं न दिसणारी झाडी. पहिल्या व्हरमाँट ब्रिगेडला ऑरेंज प्लँक रस्ता आणि ब्रॉक रस्ता जिथे मिळतात तो चौक धरून ठेवायचा हुकूम होता. तो चौक गेला असता तर ग्रँटच्या सैन्याचे दोन तुकडे झाले असते. लुईस ग्रँट, म्हणजे सरसेनापती युलिसिस ग्रँट नव्हेत, हे या ब्रिगेडचे प्रमुख. माणसं धुरात आवाजाच्या दिशेने गोळ्या झाडत होती. झाडोऱ्याला आग लागली आणि हलता न येणारे जखमी तिच्यात सापडले. ५ आणि ६ मे या दोन दिवसांत ब्रिगेडच्या साधारण अठ्ठावीसशेंपैकी १,२३४ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. चौक राहिला. आणि मग व्हरमाँटच्या वर्तमानपत्रांत याद्या छापून यायला लागल्या, रकान्यामागून रकाने.

त्या वर्तमानपत्रांत दुसरंही काही छापून येत होतं. दुसऱ्या व्हरमाँट रेजिमेंटमधला विल्बर फिस्क हा साधा शिपाई माँटपीलियरच्या ‘ग्रीन माउंटन फ्रीमन’ या पत्राला टोपणनावाने नियमित पत्रं पाठवायचा. विल्डरनेसनंतरच्या पत्रात त्याने लिहिलं की दुसऱ्या दिवशी आपण तुकडीपासून सुटलो, दमलो होतो, भूक लागली होती, तेव्हा पुढे जाऊन आपल्या लोकांना शोधण्याऐवजी मागे जाऊन कॉफी उकळत बसलो. मरण नको होतं, बस्स. हे त्याच्या गावाकडच्या लोकांनी वाचलं. टोपणनाव असलं तरी इतक्या छोट्या राज्यात कोण कोणाला ओळखत नाही! तेव्हा गावसभेत बसलेला माणूस कोणाच्या भाषणबाजीने फसला होता, असं म्हणायला जागा नाही. युद्ध म्हणजे आग, हगवण, चिखल आणि मागे सटकून केलेली कॉफी, हे त्याला छापील स्वरूपात घरपोच मिळत होतं. ते वाचून त्याने कर भरला.

आता माझ्याच म्हणण्यातली भोकं. गावाने मंजूर केलं म्हणजे कोणी? एकवीस वर्षांवरच्या पुरुषांनी. अठरा-एकोणिसाव्या वर्षी जे भरती झाले त्यांना स्वतःच्या मरणावर मत देता येत नव्हतं, आणि जे आधीच छावणीत होते ते सभेला हजर नव्हते. बायकांचं तर विचारूच नका. नवरा नि मुलगे गेल्यावर नांगर, धारा, मेंढ्यांची कातरणी, कर्जाचे हप्ते त्यांच्या अंगावर आले. जो कर बसत होता तो त्यांच्याच राबण्यातून जायचा. पण सभेत त्यांना मत नव्हतं. टाउन मीटिंगमध्ये मत देण्याचा अधिकार व्हरमाँटच्या बायकांना मिळाला १९१७ मध्ये, तोही कर भरणाऱ्यांना. म्हणजे युद्ध मंजूर करत होते ते बहुतांशी न जाणारे बाप, आणि किंमत मोजत होते ते मत नसलेले मुलगे आणि आया. ‘गावाने स्वतःवर कर बसवून घेतला’ हे माझं वाक्य या ठिकाणी लंगडं पडतं. पुरतं कोसळत नाही, कारण बहुतेक मुलगे सुरुवातीला आपणहून गेले. पण लंगडं पडतं.

१८६३ च्या सक्तीच्या भरतीत तीनशे डॉलर भरून सुटका करून घ्यायची सोय कायद्यातच होती, आणि व्हरमाँटमध्येही ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी ती वापरली. वेस्ट रटलंडच्या संगमरवराच्या खाणींत आयरिश मजुरांनी नोंदणीला आलेल्या अधिकाऱ्यांवर दगड भिरकावले. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. या सभांत त्यांना मानाने बसवणारं कोणी नव्हतं. कोटा भरायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांची आठवण झाली. सभेतली एकजूट सगळ्यांची होती असं जे चित्र रंगवतात, त्यात हे मजूर कुठे उभे करायचे?

आणि लढत कशासाठी होते? संघराज्य टिकावं म्हणून, की गुलाम सुटावेत म्हणून? पत्रांतून दोन्ही दिसतं आणि बऱ्याचदा एकाच माणसाच्या पत्रांतून दिसतं. या प्रश्नावर व्हरमाँटची बाजू घ्यायची तर मी गेटिसबर्गच्या गाजलेल्या लढाईकडे जाणार नाही, ब्रॅटलबरोच्या जॉन फेल्प्सकडे जाईन. कडवा गुलामगिरीविरोधक, कर्नल म्हणून राज्याच्या पहिल्या रेजिमेंटचा प्रमुख, पुढे ब्रिगेडियर जनरल. १८६२ मध्ये तो लुइझियानात न्यू ऑर्लिन्सजवळच्या एका छावणीवर होता आणि आसपासच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्याकडे येत होते. वरून धोरण ठरलेलं नसताना त्याने त्यांच्या कंपन्या उभ्या करायला, त्यांना कवायत शिकवायला सुरुवात केली आणि बंदुका मागितल्या. त्याचे वरिष्ठ जनरल बटलर यांनी कळवलं: बंदुका नाहीत, त्यांना झाडं तोडायला लावा. फेल्प्सने उत्तर धाडलं की गुलामांचा मुकादम व्हायला मी आलेलो नाही, ते काम मला येत नाही. आणि राजीनामा दिला. वर्ष संपायच्या आत काळ्या सैनिकांची भरती हे सरकारी धोरण होऊ लागलं. व्हरमाँटच्या सातशे काळ्या माणसांपैकीही दीडशेच्या आसपास पुढे सैन्यात गेले, बरेचसे शेजारच्या मॅसेच्युसेट्सच्या चोपन्नाव्या रेजिमेंटमध्ये. प्रमाण काढायचाच सोस असेल तर हे प्रमाण काढा: पाच माणसांमागे एक. गोऱ्या व्हरमाँटपेक्षा दुप्पट.

गेटिसबर्गबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचं आधीच खूप झालंय. नऊ महिन्यांच्या मुदतीवर आलेली, मुदत संपत आलेली, तोवर फारशी लढाई न पाहिलेली व्हरमाँटची ब्रिगेड, जनरल स्टॅनर्ड यांच्या हाताखाली, ३ जुलै १८६३ ला दक्षिणी जनरल पिकेटच्या हल्ल्याच्या उजव्या कुशीवर वळली आणि तिने अगदी जवळून गोळीबार केला. हल्ला मोडायला त्याची मोठी मदत झाली. पुतळे उभे राहिले, ते राहायलाही हवेत. तसंच सेंट ऑल्बन्सचं. १९ ऑक्टोबर १८६४ ला कॅनडातून आलेल्या वीसेक दक्षिणी सैनिकांनी त्या सीमेवरच्या गावातल्या तीन बँका लुटल्या, दोन लाखांवर डॉलर नेले, एक माणूस मारला आणि बँकेतल्या माणसांकडून म्हणे दक्षिणेशी निष्ठेची शपथही वदवून घेतली. त्याच दिवशी शेकडो मैल दूर व्हर्जिनियात सीडर क्रीकला व्हरमाँटच्या रेजिमेंटा लढत होत्या. सिनेमाला छान आहे. युद्धावर त्याचा परिणाम जवळपास शून्य.

याच्या कितीतरी पट परिणाम झाला तो लुइझियानाच्या दलदलीत. तिथे आणि फ्लोरिडात पाठवलेल्या सातव्या रेजिमेंटची माणसं गोळीने थोडीच मेली. ती तापाने आणि हगवणीने मेली, शेकड्यांनी. ५,२२४ पैकी लढाईत किंवा जखमांनी गेलेले अठराशेच्या घरात. उरलेले बहुतेक रोगाने आणि दक्षिणेच्या तुरुंगांत. राज्यपाल होलब्रुक यांनी लिंकनच्या मागे लागून ब्रॅटलबरोला लष्करी इस्पितळ आणलं. आजाऱ्यांना घरच्या डोंगराची हवा मिळावी, ही त्यामागची कल्पना. युद्धकाळात व्हरमाँटच्या एखाद्या राज्यपालाने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम कोणतं, असं विचारलंत तर मी हे सांगेन.

युद्धाने मिळवूनही दिलं, हे व्हरमाँटच्या गौरवगाथांत जरा दबक्या आवाजात येतं. विंडसरच्या कारखान्याने सैन्यासाठी बंदुका आणि बंदुका बनवायची यंत्रं केली. याच कारखान्याने पन्नाशीच्या दशकात इंग्लंडच्या एनफिल्ड शस्त्रशाळेला यंत्रं विकली होती; १८५७ मुळे एनफिल्ड हे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. दक्षिणेचा कापूस थांबला तशी लोकरीला किंमत आली आणि मेरिनो मेंढ्या पाळणाऱ्या व्हरमाँटच्या शेतकऱ्यांचे दिवस पालटले. त्याच तुटवड्याने इकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आणला, मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या नावाभोवती शेअरांचं वेड माजलं, आणि १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपताच इकडे पेढ्या कोसळल्या. तिकडे लोकरीचा भावही टिकला नाही. पण एक फरक राहतोच. व्हरमाँटच्या मेंढपाळाने ते युद्ध हवं म्हणून मत दिलं होतं. वऱ्हाडच्या कुणब्याला त्याच्या कापसाची किंमत आज का चढली आणि उद्या का पडली, हे सांगायलाही कोणी आलं नाही.

व्हरमाँटची सर्वांत टिकाऊ कामगिरी मात्र रणांगणापासून दूर घडली. स्ट्रॅफर्ड गावच्या लोहाराचा मुलगा जस्टिन मॉरिल काँग्रेसमध्ये होता. सरकारी जमिनी राज्यांना देऊन त्यांच्या उत्पन्नावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढावीत, असं विधेयक त्याने आधीच आणलं होतं, आणि अध्यक्ष ब्युकॅनननी ते नाकारलं होतं. दक्षिणेचे प्रतिनिधी सभागृह सोडून गेले, वाट मोकळी झाली, आणि २ जुलै १८६२ ला, दक्षिणेची राजधानी रिचमंड हिच्यासमोर झालेल्या पराभवाच्या ऐन धामधुमीत, लिंकननी त्यावर सही केली. अमेरिकेतल्या कितीतरी सरकारी विद्यापीठांचं मूळ या कायद्यात आहे. मराठी घरांतली हजारो मुलं आज त्यांत शिकतात. अर्थात वाटलेल्या जमिनी मूळ रहिवाशांकडून हिसकावलेल्या होत्या, हेही त्याच खात्यात लिहायला हवं.

युद्धानंतर? लोक राज्य सोडून जात राहिले. १८७० ला ३,३०,५५१, १८९० ला ३,३२,४२२. देश दुपटीने वाढत असताना व्हरमाँट जागच्या जागी. पश्चिमेला जाणं आधीपासूनच चालू होतं, त्यामुळे सगळा दोष युद्धाला देता येत नाही. पण ज्यांनी मिनेसोटाची सपाट जमीन किंवा व्हर्जिनियाची माती पाहिली होती, त्यांना डोंगरउतारावरचे दगड वेचायला परत येण्यात काय गंमत वाटणार? बक्षिशांची कर्जं मागे राहिलेल्यांनी फेडली. रिपब्लिकन पक्षाशी राज्य असं बांधलं गेलं की १९६३ पर्यंत दुसऱ्या पक्षाचा राज्यपाल झाला नाही. आणि ज्यांच्या सुटकेसाठी लढल्याचं आता सांगितलं जातं, त्यांचं काय? व्हरमाँटचे सिनेटर जॉर्ज एडमंड्स यांनी काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेविरुद्धच्या कायद्याला बळ दिलं. त्याच एडमंड्सनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालावरून १८७७ मध्ये पेटलेल्या तंट्यातून वाट काढणारा आयोगाचा कायदा घडवण्यात पुढाकार घेतला. त्या तंट्याचा शेवट दक्षिणेतला उरलासुरला लष्करी पहारा उठण्यात आणि काळ्या मतदारांना वाऱ्यावर सोडण्यात झाला. या वेळी व्हरमाँटच्या गावांनी खास सभा बोलावल्या नाहीत. चार वर्षं जी सभा पोरांच्या मरणावर थकली नव्हती ती परक्यांच्या मतदानहक्कावर बारा वर्षांत थकली.

आज व्हरमाँटच्या जवळजवळ प्रत्येक गावात हिरवळीवर एक खांब किंवा दगडी शिपाई उभा आहे, खाली नावं कोरलेली. माझी सूचना साधी आहे. त्या नावांशेजारी एक पाटी लावावी. १८६१ ते १८६५ या काळात गावाच्या कोणत्या सभेत किती बक्षिसी आणि किती कर मंजूर झाला, तीनशे डॉलर भरून कोण सुटलं, हे तिच्यावर असावं. आणि कर भरणाऱ्यांच्या यादीत ज्या विधवांची नावं आहेत पण सभेत ज्यांना मत नव्हतं, त्यांचीही नावं असावीत. त्यासाठी नवं संशोधनही फारसं लागणार नाही. सभांची इतिवृत्तं आणि कराच्या याद्या जपायचं काम गावच्या कारकुनाचंच असतं. पाटीचा खर्च तेवढा येत्या मार्चच्या सभेपुढे ठेवावा लागेल.